वहिनी गेल्यानंतरचा धूर

१

ढीग पुन्हा पेटला होता, आणि पेटवणाऱ्याचं नाव गल्लीने आधीच ठरवून टाकलं होतं.

मी चहाचं आधण ठेवत होते. नाकाला वास लागला तसा गॅस बंद केला आणि पायात चपला सरकवल्या. छातीच्या वॉर्डात उभी हयात गेलीय माझी, धूर म्हटला की मला बसवत नाही. गल्लीत मला सगळे सिस्टर म्हणतात आणि कुणाला शिंक आली तरी माझं दार वाजवतात. त्यापेक्षा दार वाजायच्या आत आपणच पोचलेलं बरं, असा माझा स्वभाव. याला काही जण नाक खुपसणं म्हणतात. म्हणोत बापडे.

ड्रायव्हरभाऊंच्या मागच्या अंगणात पांढराफटक धूर दाटला होता. भाऊ बादली उपडी करून उभे होते. घाईघाईत त्यांनी ढीग पायाने विस्कटला होता, विटा इकडेतिकडे पडल्या होत्या, बुटाला राख लागली होती. आयुष्यभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस, रस्त्यात कधी गडबडला नाही म्हणतात. आता रिकामी बादली कुठे ठेवावी तेही त्याला सुचत नव्हतं.

डावीकडच्या कुंपणाशी बाळाची आई उभी होती. तिचं बाळ खांद्यावर खोकत होतं, आणि तो खोकला खोटा नव्हता, मी ओळखते. ती बिचारी नवीन राहायला आलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण लेकरू रोज संध्याकाळी असं घुसमटायला लागल्यावर कुठली आई गप्प बसेल? तिने पालिकेत तक्रार केली होती. तिथल्या माणसाने येऊन भाऊंना समज दिली होती. तरी आग पेटायची ती पेटतच होती.

“मी नाही पेटवली,” भाऊ म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही, नुसतंच.

“मग कुणी, काका?” बाळाच्या आईने विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळेच ते जास्त लागलं.

भाऊ पायाने राख सारखी करायला लागले. ते रोजच्यासारखे फिरायला गेले होते, परत आले तर ढीग पेटलेला. दर वेळी हेच. आणि दर वेळी घरात दुसरं कुणी नाही, कारण वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, जाऊन वर्ष होत आलं होतं.

त्याच संध्याकाळी भाऊंच्या मुलाचा फोन आला. दुसऱ्या शहरात नोकरी करणारा, बापावर जीव असलेला पोरगा. तो म्हणाला, बाबांना आता विस्तवाचंही भान राहत नाही, येत्या रविवारी येऊन त्यांना घेऊन जातो, घराला कुलूप लावतो. भाऊंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. ज्या घरात वहिनी गेल्या ते घर सोडायचं म्हणजे या माणसासाठी वहिनींना दुसऱ्यांदा स्मशानात पोहोचवून येण्यासारखं होतं. ते मला दिसलं, आणि मी ठरवलं की रविवारच्या आत हा पेटवणारा शोधायचा.

खरं सांगायचं तर मलाही ते जायला नको होते. आमच्या गल्लीत आधीच हाक मारायला माणसं कमी उरलीत.

२

सगळ्यात आधी मी माळीबुवांना धरलं. पाल्याची आग म्हटल्यावर माळ्याकडे जायचं नाही तर कुणाकडे? आठवड्यातून दोनदा ते भाऊंचं अंगण झाडतात. पाला पोत्यात भरून न्यायचा कंटाळा आला असेल, लावली असेल काडी, असा माझा सरळ हिशेब.

माळीबुवा माझ्यावर असे उखडले की विचारू नका. पाला जाळणं त्यांना अन्न फेकल्यासारखं वाटतं. ते तो कुजवतात, खत करतात, आणि तेच खत माझ्याच कुंड्यांत घालतात, हे त्यांनी मला बोट दाखवून सुनावलं. वहिनी पाला जाळायच्या तेव्हाही त्यांचं त्यावरून वाजायचं. पण वहिनींच्या हाताला ते मानायचे.

“त्यांच्या आगीला धूर कुठे होता एवढा?” ते म्हणाले. “शेजारी उभा राहून बघायचो मी. धडधडून पेटायची आणि शांत व्हायची. ही नुसती धुमसते.”

हे ऐकून मी जरा थबकले. कारण बाळाची आई सोडली तर गल्लीतला जो तो हेच म्हणत होता, वहिनींच्या वेळी असा त्रास नव्हता. मला वाटलेलं, गेलेल्या माणसाचं सगळंच गोड लागतं, त्यातला प्रकार. पण माळीबुवा काही गोड बोलणाऱ्यांतले नव्हेत.

मग मी बाळाच्या आईकडे गेले. ती तिच्या तक्रारीवर सह्या घ्यायला घरोघर फिरली होती. मागच्या मास्तरीणबाईंनी मात्र ‘धूर’ एवढं ऐकताच दार लावून घेतलं, सही दिली नाही, एवढं तिला खटकलं होतं. मास्तरीणबाईंचं घर भाऊंच्या घराला पाठीला पाठ लावून आहे, मधे छातीएवढी भिंत. धुराचा विषय निघाला की सगळ्यात आधी ओरडायचा मान त्यांचा.

मी म्हटलं, अगं, त्या कुणाच्याच सहीत नसतात. शाळा सुटली तरी छडी सुटली नाही त्यांची. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तशी गत. ती हसली, मीही हसले, आणि ती गोष्ट मी तिथेच सोडून दिली. सोडायला नको होती.

३

शुक्रवारी भाऊंना मी रक्तदाब तपासायला घरी बोलावलं. पट्टा गुंडाळत असतानाच ते बोलायला लागले. त्यांनी विचार करून ठेवला होता, आणि तो मला अजिबात आवडला नाही.

ते म्हणाले, आग जो कुणी रचतो तो अगदी वहिनींसारखी रचतो. खाली कोरडा पाला, मधे काटक्या उभ्या, भोवती विटांचं कडं, कड्याला एका बाजूला तोंड, आणि बाहेर जमिनीवर पाणी शिंपडलेलं, ठिणगी पसरू नये म्हणून. एवढं सगळं कोण करतं? कचरा जाळणारा माणूस काडी टाकतो आणि निघून जातो.

“हे फक्त तिला ठाऊक होतं आणि मला,” भाऊ म्हणाले. “ती तर नाही. मग उरलं कोण, सिस्टर?”

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी हात वर केला. पहिल्यांदा तो ढीग बघितला तेव्हा त्यांना क्षणभर वाटलं होतं की ती आली. दाराशी तसेच उभे राहिले होते, पाणी आणायचंसुद्धा सुचलं नाही. मग कुंपणापलीकडून बाळ खोकलं आणि ते भानावर आले. तेव्हापासून फिरून येताना रोज छातीत धडधडायचं, आज असेल का, आज असेल का. आग असावी असंही वाटायचं आणि नसावी असंही.

“इतकी ओढ लागलीय मला तिची, की माझ्याच हातांनी पेटवत असेन आणि विसरत असेन,” ते म्हणाले. “पोरगा म्हणतो ते खरं आहे. मी जातो त्याच्याबरोबर. लेकराच्या छातीशी खेळ नको.”

मी नर्स आहे, माणसं विसरतात ती कशी विसरतात ते मी पाहिलंय. भाऊ तसे विसरत नव्हते. त्यांना बाळाच्या औषधाचं नावसुद्धा पाठ होतं. पण स्वतःवरचा विश्वास उडालेल्या माणसाला औषध काय द्यायचं? पट्टा सोडला तेव्हा माझाच रक्तदाब वाढला असेल.

आणि तेवढ्यात खिडकीतून वास आला.

४

भाऊ माझ्यासमोर खुर्चीत बसलेले, आणि समोर त्यांच्या अंगणातून धूर चढतोय. मी त्यांना तिथेच बसवलं आणि पळत सुटले. या वयात पळणं मला शोभत नाही, पण शोभेचं वय तरी कुठे राहिलंय.

बाजूचं फाटक नुसतं लोटलेलं होतं. अंगणात कुणी नव्हतं. पण या वेळी ढीग विस्कटायला भाऊ माझ्या आधी पोचले नव्हते, त्यामुळे सगळं जागच्या जागी होतं. खाली पाला, मधे काटक्या, विटांचं कडं, भोवती ओलं वर्तुळ.  वहिनींना शेवटच्या दिवसांत मी अंघोळ घातलीय, त्यांचा हात मला ठाऊक. जणू आत्ता पदराला हात पुसत घरात गेल्यात.

मी बादली उचलली आणि तशीच थांबले. काहीतरी चुकत होतं. कितीतरी वेळा मी वहिनींच्या शेजारी उभी राहून त्यांना विटा दिल्यात. घराकडे पाठ, भिंतीकडे तोंड, अशा उभ्या राहून त्या ढीग रचायच्या. कड्याचं तोंड उजव्या हाताला ठेवायच्या, कारण उजवीकडे मोकळं मैदान आहे आणि संध्याकाळचा वारा तिकडूनच येतो. वारा तोंडातून आत शिरला की पाला भडाभडा पेटतो, धूर फार होत नाही.

इथे तोंड डाव्या हाताला होतं. बाळाच्या घराकडे. वारा बंद बाजूवर आपटत होता, आत पाला गुदमरत होता आणि सगळा धूर तोंडातून बाहेर पडून सरळ त्या लेकराच्या खिडकीत जात होता.

मी पाणी ओतलं. भाऊ मागून आलेच होते, त्यांना मी म्हटलं, बघा, तुम्ही माझ्याकडे होता. त्यांनी मान हलवली. म्हणाले, मीच निघायच्या आधी पेटवली असेल, धुमसत राहिली असेल, आता धूर झाला. मुलाला फोन केला तर त्यानेही तेच सांगितलं, वर म्हणाला, मावशी, तुमचं बाबांवर प्रेम आहे म्हणून तुम्हाला तसं वाटतं. शिकलेलं पोर, बोलतं मऊ, पण कान बंद. त्याचाही मला संशय आला होता, नाही कशाला म्हणू. बापाला न्यायचंच ठरवलं असेल तर आगीसारखं दुसरं निमित्त नाही. पण तो फोन त्याने कचेरीतून उचलला होता. मागे छपाईच्या यंत्राचा खडखडाट चालला होता.

५

रात्रभर नाही, पण जेवण होईपर्यंत मी त्याच त्या तोंडाचा विचार करत बसले. सगळं इतकं बरोबर, आणि एकच गोष्ट उलटी. शिकणाऱ्याने नीट शिकलं असेल तर हे कसं चुकलं?

बाळाची आई वहिनी गेल्यावर आलेली, तिने ती आग कधी बघितलीच नाही. माळीबुवा वहिनींच्या शेजारी उभे राहायचे. भाऊ सुट्टीच्या दिवशी मागच्या दारात खुर्ची टाकून बसायचे, म्हणजे वहिनींच्या पाठीशी. मुलगा लहानपणी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचा, तेही पाठूनच. या सगळ्यांना ते तोंड उजवीकडेच दिसलेलं. यांच्यापैकी कुणीही रचलं असतं तरी उजवीकडेच आलं असतं.

समोरून बघणाऱ्याला मात्र ते डावीकडे दिसतं. वहिनींकडे तोंड करून, रोज, वर्षानुवर्षं बघणाऱ्याला. असा माणूस पुढे वहिनींच्या जागी येऊन उभा राहिला आणि आठवेल तसं रचायला लागला, तर तोंड आपल्या डावीकडेच ठेवणार.

आणि समोरून त्या अंगणात बघणारं घर एकच होतं. मला माझ्याच डोक्यात मारून घ्यावंसं वाटलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. जी बाई धुराच्या नावाने सगळ्यात जास्त बोटं मोडायची, तिने या वेळी तक्रारीवर सही केली नव्हती. करणार कशी?

शनिवारी सकाळी मी मास्तरीणबाईंचं दार वाजवलं.

त्यांचं घर नेहमीसारखं लखलखीत होतं. खुर्च्या ओळीत, पुस्तकं ओळीत. बसा म्हणाल्या नाहीत, तरी मी बसले. मी काही वळणं घेत बसले नाही. विटांचं तोंड तुम्ही उलटं ठेवलंत, एवढंच म्हटलं.

 त्या मागच्या खिडकीशी गेल्या, जिथून ती भिंत दिसते.

“मी त्या अंगणात ती असताना कधी पाऊल टाकलं नाही,” त्या म्हणाल्या. “ती इकडे आली नाही. पण एक दिवस चुकला नाही आमचा. शाळेतून आले की तिने आग पेटवलेली असायची. मी भिंतीशी जायचे आणि ओरडायचे, माझे कपडे काळे झाले. ती ओरडायची, वाळत घालता कशाला माझ्या वेळेला. मग तास निघायचा, सिस्टर. कुठल्या कुठे जायचं बोलणं.”

वहिनी गेल्या त्या दिवशी सगळी गल्ली भाऊंच्या दारात होती. बाई गेल्या नाहीत. जाऊन काय सांगणार होत्या? नातं विचारलं असतं तर काय म्हणणार होत्या, मी त्यांच्याशी भांडते? रडायलासुद्धा हक्क लागतो, असं त्या म्हणाल्या. घरी बसून त्यांनी खिडकीच्या काचा पुसल्या.

पुढे संध्याकाळी भिंतीपलीकडे काहीच नसायचं. ना आवाज, ना वास. त्या एकदा भाऊ बाहेर पडलेले बघून वळसा घालून फाटकातून आत गेल्या, फक्त तो वास यावा म्हणून. मग आपल्या घरी येऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. धुरातून वहिनींचं डोकं वर येईल असं वाटलं, असं त्यांनी मला सांगितलं, आणि हे सांगताना त्यांना जराही लाज वाटली नाही. नंतर सवयच लागली.

मला भडभडून आलं, पण मी बाळाचा खोकला ऐकलेला होता. म्हणून जे सांगायचं ते सांगितलंच. बाई, तो धूर एका लेकराच्या छातीत जातोय. आणि भाऊंना वाटतंय की त्यांना वेड लागलं. उद्या त्यांचा मुलगा त्यांना घेऊन जाणार आहे. घराला कुलूप लागणार आहे.

हे त्यांना खरंच माहीत नव्हतं. पुढच्या गल्लीतलं मागच्या गल्लीत त्यांना सांगणार कोण? सांगणारी तर गेली होती. त्या भिंतीकडेच बघत राहायच्या, धूर कुणाच्या घरात शिरतो इकडे त्यांनी मान वळवलीच नव्हती. त्यांनी खिडकीचा गज घट्ट धरला.

“मी सांगितलं तर ते मला त्या भिंतीशीही उभं राहू देणार नाहीत,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, नसतील देत. तरी सांगायचं तुम्हीच.

६

रविवारी सकाळी मुलाची गाडी दाराशी लागली. भाऊंची एकच बॅग होती. वहिनींचा फोटो त्यात ठेवावा की भिंतीवर राहू द्यावा, यावर बापलेक अडून बसले होते. मी उगाच कपाटाची दारं लावत होते, उघडत होते. वाट बघत होते आणि मनातल्या मनात मास्तरीणबाईंना शिव्या घालत होते.

त्या पुढच्या दाराने आल्या. आधी बाळाच्या आईकडे जाऊन आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तिने त्यांना माफ केलं नाही, फक्त दार लावलं, आणि ते बरोबरच होतं.

दारातच उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं, वर्गात धडा म्हणून दाखवावा तसं, एकही गोष्ट न गाळता. मुलगा ताडकन उठला. माझ्या बापाला स्वतःच्या डोक्याची भीती वाटत होती, रोज रात्री मला फोन करून विचारायचे की मी काल काय बोललो ते बरोबर बोललो का, आणि तुम्ही भिंतीपलीकडून बघत होतात, असं तो बोलला. बाई खाली बघून ऐकत राहिल्या. एरवी त्यांना कुणी असं बोललं असतं तर त्याची धडगत नव्हती.

 मी भाऊंकडे बघत होते. आपलं डोकं शाबूत आहे हे कळल्यावर माणूस सुटकेचा श्वास सोडेल असं मला वाटलं होतं. सोडलाही. पण त्याच श्वासाबरोबर दुसरंही काहीतरी गेलं. ती आग वहिनींची नव्हती, आणि आता कधी असणारही नव्हती. त्यांचे खांदे खाली आले, डोळे भरले. मुलगा त्यांच्याजवळ जाऊन बसला, बॅग त्याने पायाने बाजूला सारली. राहा बाबा, तुम्ही इथेच राहा, म्हणाला. भाऊंनी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

“पुन्हा पेटवायची नाही,” भाऊ बाईंना म्हणाले. “त्या बाळासाठी.”

बाईंनी मान हलवली आणि जायला वळल्या.

“थांबा,” भाऊ म्हणाले.

त्या थांबल्या. भाऊंनी समोरची खुर्ची पुढे ओढली, तिच्यावरची वर्तमानपत्रं उचलून खाली ठेवली.  ते म्हणाले की जन्मभर ते रस्त्यावर होते. पहाटे निघायचे, कधी दोन दोन दिवस परतायचे नाहीत. संध्याकाळी ती काय करते, कुणाशी बोलते, कशावर हसते, त्यांना कधी कळलंच नाही. घरी आल्यावर ती जेवायला वाढायची आणि ते झोपायचे. सुट्टीच्या चार दिवसांपलीकडे तिच्या संध्याकाळी त्यांच्याजवळ नव्हत्याच कधी.

“त्या सगळ्या तुमच्याकडे आहेत, बाई,” ते म्हणाले. “काय बोलायची ती?”

मास्तरीणबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या.  मग म्हणाल्या, पहिल्याच दिवशी तिने मला सडकं खोड म्हटलं होतं, ना पालवी फुटणारं ना धड जळणारं.

भाऊ हसले. वहिनी गेल्यापासून मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. मुलगाही बघतच राहिला. आणि बाई एकदम भरभर सांगायला लागल्या, त्या दिवशी काय झालं, मग वहिनी काय म्हणाल्या, मग त्या स्वतः काय म्हणाल्या. सगळं विसरून जायच्या आत सांगून टाकायचं असल्यासारखं.

“हळू सांगा,” भाऊ म्हणाले. “मी आता कुठेही जात नाहीये.”